डब्यावरचा हल्ला

"पासवर्ड म्हणजे काय गं, कुलूपच ना? चाळीस वर्षं मी अडकलेल्या लिफ्टांतून जिवंत माणसं बाहेर काढलीत. एका डब्यातून तुझे फोटो काढता येणार नाहीत मला?"

एवढं बोलून लिफ्टकाका बाह्या सारून लॅपटॉपसमोर बसले. दुपारचे अडीच वाजले होते.

सगळी इमारत त्यांना लिफ्टकाकाच म्हणायची. जन्मभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांचे हात नुसते शिवशिवत होते. त्यांच्या बायकोने शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं, त्यामुळे त्या घरीदारी 'बाई'. आज पाच वाजता वाचनालयात बाईंचं व्याख्यान होतं. विषय, आपल्या गल्लीतली झाडं. त्यासाठी दोन वर्षं पायपीट करून काढलेले पानांचे तीनशे फोटो डब्यात होते.

डबा म्हणजे पुस्तकांच्या कपाटावर बसवलेलं काळं स्टोरेजचं यंत्र. ते घरातल्या वायफायला जोडलेलं. लॅपटॉपवर त्याचं पान उघडायचं, पासवर्ड टाकायचा, की घरभराचे फोटो नि कागदपत्रं समोर हजर! काकांना तो इतका आवडला होता, की खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनाही त्यांनी डिट्टो तसाच घ्यायला लावला होता.

काकांनी पासवर्ड टाकला. 'चुकीचा पासवर्ड.'

"अहो, वहीत लिहिलाय तोच टाका."

"तोच टाकला."

"वही सुलट धरलीय ना?"

काकांनी या प्रश्नाकडे मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं. त्यांनी तोच पासवर्ड पुन्हा टाकला. मग जरा जोरात बटणं दाबून टाकला. मग बाईंची जन्मतारीख, स्वतःची जन्मतारीख, लग्नाची तारीख टाकून पाहिली. ("ती तारीख चुकलीय," बाई मागून म्हणाल्या.) डबा ढिम्म!

अकराव्या प्रयत्नाला दारावरची बेल वाजली. दारात दातांचे डॉक्टर! हातात रबरी मोजे, कपाळावर दिवा आणि चेहरा खडूसारखा पांढरा.

"काका, वाचवा! माझ्या डब्यात कोणीतरी शिरतंय!"

"शांत व्हा. बसा."

"बसतो कसला, खाली खुर्चीत पेशंट तोंड उघडून बसलाय! हे बघा, मोबाईलवर सारख्या सूचना येतायत. चुकीचा पासवर्ड, चुकीचा पासवर्ड... अकरा वेळा! सगळ्या पेशंटांचे एक्सरे आहेत हो त्यात!"

काका स्वतःचं दुःख क्षणात विसरले. कोणीतरी सल्ला मागायला आलं की त्यांची छाती आपोआप दोन इंच फुगायची. त्यांनी मोबाईल हातात घेऊन यादी न्याहाळली आणि निदान केलं.

"इसम हट्टी आहे, पण अडाणी आहे. बघा ना, दर दोन-तीन मिनिटांनी येतोय. कसली पद्धत नाही, काही नाही. नुसता आंधळेपणाने ठोकतोय! अशा माणसाचं घरातही कोणी ऐकत नसणार."

"अगदी खरं," बाई म्हणाल्या.

"आणि काका, हल्ला माझ्याच वायफायवरून होतोय असं लिहिलंय!"

"म्हणजे आतल्या गोटातला दिसतोय. वायफायचा पासवर्ड कुणाकुणाला दिलाय तुम्ही?"

"कुणालाच नाही. गेल्या आठवड्यात तुमचं इंटरनेट बंद पडलं तेव्हा तुम्हाला दिला होता तेवढाच. पण तुम्ही तर घरचेच!"

"आम्हाला सोडा हो! आम्हाला सोडून कुणाला?"

"तुम्हाला सोडून कुणालाच नाही."

दोघेही विचारात पडले. मग काकांनी आवाज खाली आणला. "तो खुर्चीत बसलाय, तो कोण?"

"विमा एजंट आहे. अक्कलदाढ."

"मोबाईल आहे त्याच्या हातात?"

डॉक्टरांचे डोळे विस्फारले. "सारखा असतो!"

"मग आधी मोबाईल काढून घ्या त्याचा! आणि डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन हल्ला जिथून येतोय तो पत्ता कायमचा बंद करून टाका. दार असं बंद करा, की पुन्हा या बाजूला फिरकला नाही पाहिजे!"

डॉक्टर दोन-दोन पायऱ्या उतरत पळाले. काका हात चोळत परत लॅपटॉपपाशी आले आणि चहा पिऊन बाराव्या प्रयत्नाला बसले. पण आता पासवर्ड चुकला असं सांगायलाही कोणी नव्हतं. पानच उघडेना!

"मेला!" काका ओरडले. "डबाच मेला!"

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. सव्वातीन. "माझे फोटो?" दोन वर्षं उन्हातान्हात, लोकांच्या कुंपणांवरून वाकून काढलेले फोटो होते ते.

"मी आहे ना!" काकांनी टाचणी घेतली आणि डब्याच्या मागच्या बारीक भोकात खुपसून रिसेटचं बटण दाबून धरलं. डब्याने दणदणीत 'बीप' केलं. काका खूश! लॅपटॉपवर मात्र काही नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा बीप, पुन्हा काही नाही. तिसऱ्या बीपनंतर त्यांनी स्क्रू ड्रायव्हर मागितला.

"खबरदार!" बाई कडाडल्या. ज्या आवाजाने नववी-ब शांत व्हायची, तो हा आवाज. "डब्यापासून लांब व्हा. उठा आधी."

लिफ्टकाका उठले.

बाई लॅपटॉपसमोर बसल्या. चष्मा सारखा करून त्यांनी पडद्याचे चारही कोपरे सावकाश, पेपर तपासावा तसे तपासले. खालच्या कोपऱ्यात थांबल्या.

"अहो, आपल्या वायफायचं नाव काय?"

"आपलंच, आडनाव."

"मग इथे 'हसरे दात' असं का लिहिलंय?"

काकांनी वर पाहिलं. कपाटावर डब्याचा हिरवा दिवा तेवढा लुकलुकत होता.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांच्या वायफायला जोडलेला लॅपटॉप परत घरच्या वायफायवर आणायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. इंटरनेट तर चालू होतं, मग कोण बघतंय! डबा दिसायला तसाच, त्याचं पानही तसंच. आणि काका दुपारी अडीचपासून मन लावून डॉक्टरांच्या डब्याचं कुलूप ठोकत होते.

बाईंनी एक टिचकी मारून घरचं वायफाय जोडलं. तीन-तीनदा रिसेट झालेल्या डब्याने जुना पासवर्ड कधीच सोडून दिला होता. बाईंनी त्याच्या बुडाखाली चिकटवलेल्या कागदावरचा कंपनीचा पासवर्ड टाकला. पान उघडलं. तीनशेच्या तीनशे पानं हिरवीगार! बाईंनी ती पेनड्राइव्हवर घेतली, नवा पासवर्ड ठेवला आणि तो काकांना सांगितला नाही.

तेवढ्यात परत बेल.

"काका, मानलं तुम्हाला! पत्ता बंद केला तसा हल्ला थांबला!" डॉक्टर आनंदाने घामाघूम झाले होते. "आणि तो एजंट कबूल करतोय. म्हणजे, तोंडात कापूस आहे, पण विचारलं की मान हलवतोय. पोलिसांना बोलावू?"

काकांच्या डोळ्यांपुढे तो बिचारा अर्ध्या दाढेचा माणूस उभा राहिला. त्यांनी एकदा बाईंकडे पाहिलं. बाई पर्स भरत होत्या.

"नको, नको! त्याचा मोबाईल देऊन टाका आणि दाढेचे पैसे घेऊ नका. तो नव्हे तो. खरा इसम मी शोधून काढलाय."

"कोण?"

"ओळखीतलाच निघाला. वयस्कर आहे, स्वभावाने चांगला आहे. काळजी करू नका, त्याला कडक समज दिलीय. पुन्हा असलं करायचा नाही."

"वा! तुम्ही दिलीत समज?"

"छे," पर्सची चेन ओढत बाई म्हणाल्या, "मी दिली."