ओरखड्याच्या नोंदीतली चूक

आमच्या तालुक्यात गाडीच्या आतल्या प्लॅस्टिकवरचा ओरखडा घालवायचा असेल, तर आधी त्याची संमती घ्यावी लागते.

नियम जुना आहे आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही. पेट्रोल पंपाशेजारी माझं गाड्या आतून साफ करून द्यायचं दुकान आहे. 'नयना फरांदे' एवढीच पाटी आहे, लोकांना पुरते. पहिलं काम धुळीचं. साबणाचं कोमट पाणी, मऊ ब्रश, मग कोरडं फडकं. धूळ भरलेला ओरखडा घोगरा बोलतो. त्याचं निम्मं बोलणं कळत नाही आणि पुढे वाद होतात. स्वच्छ झाला की त्याला नमुना ड वाचून दाखवायचा. कधी पडलात, कुणाच्या हातून पडलात, जायला तयार आहात का. हो म्हणाला की कामाला लागायचं. प्लॅस्टिक गुळगुळीत असेल तर ओला पॉलिश पेपर फिरवायचा, वर पेस्ट. दाणेदार असेल तर पेपर लावायचाच नाही, टक्कल पडल्यासारखा डाग दिसतो. तिथे हीट गनची ऊब लांबून द्यायची, म्हणजे प्लॅस्टिक नरम पडून ओरखडा मिटतो. बहुतेकांना त्रास होत नाही. काहींना तर झोप लागते.

दिगंबर शिवदे साहेब गाडी घेऊन आले तो सोमवार होता. वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्यांच्या भीतीने बाजारातले काटे आपोआप सरळ व्हायचे, असं लोक अजून सांगतात. गाडी अकरा वर्षांची, मुलीला द्यायची होती. ओरखडे एकूण सतरा. साहेबांनी ते घरूनच मोजून आणले होते आणि नमुने भरूनही आणले होते, अक्षर छापल्यासारखं.

"फक्त संमती घ्या," ते म्हणाले. "बाकी सगळं बिनचूक आहे."

सोळा ओरखडे सरळ होते. दारावरचा, छत्रीच्या टोकाचा, म्हणाला की मला इथे कधीपासून कंटाळा आलाय. गिअरजवळच्याने शेजाऱ्याचा निरोप घ्यायला तासभर मागितला, तो दिला. किल्लीच्या भोकाभोवती बारीक बारीक नऊ होते. त्यांनी आपसात मतदान घेतलं आणि आठ विरुद्ध एकने होकार कळवला. नववा रुसला, पण गेला.

सतरावा डाव्या सीटसमोरच्या कप्प्याच्या झाकणावर होता. वीतभर लांब, एका टोकाला खोल. मी त्याला पुसला, नमुना वाचला. 'पाडणाऱ्याचं नाव' या रकान्यात साहेबांनी लिहिलं होतं, अनंत शिवदे, धाकटा भाऊ.

"जायला माझी हरकत नाही," ओरखडा म्हणाला. आवाज जड पण स्वच्छ होता. "पण नाव चुकलंय. दुरुस्त करा, मग जातो. चुकीच्या नावाने मी मिटणार नाही."

"मग बरोबर नाव कोणतं?"

"त्यांना विचारा. त्यांना माहीत आहे."

मी मागे वळले. शिवदे साहेब पंपावरच्या हवेच्या मशीनकडे फार लक्ष देऊन बघत होते.

अनंतरावांची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती. बसस्टँडमागे त्यांची बेकरी आहे, खारी आणि टोस्ट. अकरा वर्षांपूर्वी दादांची नवी गाडी घेऊन ते वाईहून सासूसासऱ्यांना आणायला गेले. परत आल्यावर दादांनी दारातच कप्प्यावरचा ओरखडा पाहिला आणि सासूसासऱ्यांच्या देखत म्हणाले, "तुझ्या हातात पाव भाजण्याच्या पलीकडचं काही देऊ नये." त्या दिवसापासून दोघं भाऊ बोलत नव्हते. पुतणीच्या लग्नातही अनंतराव आले नाहीत. केक मात्र पाठवला होता, तीन मजली.

"नयनाताई," साहेब हळूच म्हणाले, "याचा नमुना बाजूला ठेवा. हीट गन आहेच हातात. दोन मिनिटांचं काम."

"बिनसंमतीचं काम मी करत नाही, साहेब. दुकानाला सील लागेल."

"कोण सांगणार आहे?"

"मी सांगीन," ओरखडा म्हणाला.

मग मी नियमाप्रमाणे तालुक्याला कळवलं. ओरखडे अधिकारी गुंजवटे मॅडमनी गुरुवारी अकराची सुनावणी लावली आणि दोन्ही भावांना नोटीस काढली. मधल्या दोन दिवसांत साहेब चार वेळा दुकानात येऊन गेले. एकदा ओरखड्यासाठी वाताचं तेल आणलं, त्याला बरं वाटेल म्हणून. ओरखड्याने ते घेतलं नाही.

ओरखड्याला कार्यालयात नेता येत नाही, म्हणून सुनावणी गाडीतच होते. कचेरीच्या आवारात करंजाच्या झाडाखाली गाडी लावली. मॅडम चालकाच्या जागी बसल्या, फाईल स्टिअरिंगवर. मी शेजारच्या सीटवर, फडकं घेऊन, कारण साक्ष देताना ओरखड्यावर धूळ बसता कामा नये. मागच्या सीटवर दोघं भाऊ. साहेबांच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट होता, अनंतरावांच्या बाहीवर मैदा. अकरा वर्षांनी दोघांचे गुडघे एकमेकांना लागले होते, पण दोघंही खिडकीबाहेर बघत होते, आपापल्या.

"बोला," मॅडम ओरखड्याला म्हणाल्या.

"अनंतराव गाडी घेऊन गेले त्याच्या आदल्या दिवशी मी पडलो," ओरखडा म्हणाला. "दुपारी. दिगंबररावांनी पुढच्या सीटवर तपासणीच्या वजनांची लाकडी पेटी ठेवली होती. नाक्यावर म्हैस आडवी आली, त्यांनी ब्रेक दाबला, पेटी पुढे आली. तिच्या पितळी कोपऱ्याने मी झालो."

"हे खोटं आहे," साहेब म्हणाले. पण ते इतकं हळू म्हणाले की मॅडमना पुन्हा विचारावं लागलं.

"पेटी आहे अजून?"

पेटी डिकीत होती. वजनं केव्हाच कचेरीत जमा झाली होती, पण पेटी साहेबांची स्वतःची, सुताराकडून करून घेतलेली. मी ती आणली. मॅडमनी कोपरा पाहिला, खाच पाहिली आणि फाईल मिटली.

"तालुक्यात मोजमापाचा तुमच्याइतका जाणकार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हीच मोजा आणि आकडा सांगा. तुम्ही सांगाल तो मी लिहीन. तपासणार नाही."

साहेबांनी खिशातून पोलादी पट्टी काढली. निवृत्तीनंतरही ती त्यांच्या खिशात असते. मी सीट मागे सरकवली, तेव्हा ते मधून वाकून कप्प्यापर्यंत पोचले. आधी खाचेची रुंदी घेतली, मग पेटीच्या कोपऱ्याची. मग पुन्हा खाचेची. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. खोटा आकडा सांगायला एक क्षण पुरला असता, आणि तो क्षण आम्ही सगळ्यांनी त्यांना दिला.

"अडीच मिलिमीटर," ते म्हणाले. "दोन्हीकडे. जुळतंय."

अनंतरावांनी पहिल्यांदा मान वळवली. "तुला कधी कळलं, दादा?"

"तीन महिन्यांनी. पेटी परत तिथे ठेवली, तर कोपरा त्याच खाचेत जाऊन बसला."

"आणि मग?"

"मग काय. रोज ठरवायचो, उद्या बेकरीत जाईन. एकदा आलोही होतो. तू गल्ल्यावर होतास. मी समोरच्या दुकानातून सुतळी घेतली आणि परत गेलो."

"सुतळी!" अनंतराव ओरडले. "दहा वर्षं नऊ महिने, आणि तू सुतळी घेतलीस? माझी सासू जाईपर्यंत मला धसमुसळा म्हणत होती! जेवताना माझ्यापुढे काचेचं भांडं ठेवत नव्हती ती!"

त्यांनी दाराचा खटका जोरात ओढला. दार उघडलं नाही. मागच्या दारांना लहान मुलांसाठीचं कुलूप असतं, ते लागलेलं होतं. त्यांनी चारदा ओढून पाहिलं. साहेबही मदतीला आले आणि दोघं मिळून ओढू लागले.

"बाहेरून उघडतं ते," मी म्हणाले आणि उठू लागले.

"बसा," मॅडम म्हणाल्या. "कामकाज संपलेलं नाही."

मग आम्ही सगळे बसून राहिलो. करंजाची फुलं टपावर पडल्याचा आवाज येत होता. शेवटी खटका सोडून साहेब म्हणाले, "अनंत, माझं चुकलं." आयुष्यात ते हे वाक्य पहिल्यांदाच बोलत असावेत, कारण त्यांनी शब्द चुकीच्या ठिकाणी तोडले. अनंतरावांनी रुमालाने नाक पुसलं. रुमालालाही मैदा होता, त्यामुळे चेहरा पांढरा झाला. मॅडमनी रकान्यात नाव खोडून दिगंबर शिवदे लिहिलं, सही केली आणि ओरखड्याला विचारलं, "आता संमती?"

"आता हो."

"थांबा," अनंतराव म्हणाले. "मिटवायचा नाही. मला पाहिजे तो."

"तुम्हाला?"

"एवढ्या वर्षांत माझ्या बाजूने खरं बोलणारा तो एकटा निघाला. त्याची बदली करा माझ्याकडे."

मॅडमनी नियम पाहिले. बदली करता येत होती, फक्त नवी जागाही प्लॅस्टिकची हवी आणि ओरखड्याला पसंत हवी. अनंतरावांनी टोस्टच्या मोठ्या बरणीचं लाल झाकण सुचवलं. ओरखड्याने विचारलं, तिथे ऊन येतं का. सकाळी येतं, भट्टीची ऊबही असते, असं कळल्यावर तो तयार झाला.

काम मीच केलं. झाकण शेजारी ठेवलं, कप्प्यावर ऊब धरली आणि ओल्या फडक्याने हळूहळू त्याला पलीकडे घेतलं. वीतभर ओरखडा गोल झाकणावर थोडा वळवून बसवावा लागला. कमरेत अवघडेल, तो म्हणाला, पण सवय होईल. कप्पा असा स्वच्छ झाला की साहेबांची मुलगी गाडी न्यायला आली तेव्हा तिने त्यावरून दोनदा हात फिरवला.

महिन्याने पाहणी करायची असते, म्हणून मी बेकरीत गेले. गल्ल्यावर अनंतराव नव्हते, शिवदे साहेब होते. टोस्ट तोलून देत होते, एक तुकडा काढत, एक घालत, काटा अगदी मधोमध येईपर्यंत. रांग दारापर्यंत गेली होती आणि आतून अनंतराव ओरडत होते, "दादा, एखादा जास्त गेला तरी चालतो!"

"चालत नाही," साहेब म्हणाले.

मी झाकण पुसलं आणि ओरखड्याला विचारलं, काही तक्रार?

"दोघं फार भांडतात," तो म्हणाला. "दिवसभर. मला मध्ये बोलायलाच मिळत नाही."

मी तक्रारीच्या रकान्यात 'नाही' लिहिलं आणि पाव किलो टोस्टसाठी रांगेत जाऊन उभी राहिले.