कल्लाण्णांची तिसरी वाट

तुम्ही कुठे निघालात, हे कल्लाण्णांनी आयुष्यात कुणाला विचारलं नाही. ते विचारायचे, “कुठनं आलासा, पावणं?” आणि त्याचं उत्तर मिळाल्यावरच तुम्हाला खुर्ची द्यायची की उभ्याउभ्या वाटेला लावायचं, ते ठरायचं. शिवाजी पेठेतल्या आमच्या दुकानाला दोन दारं होती, एक रस्त्यावर आणि एक मागच्या बोळात. आलेला माणूस कुठल्या दाराने बाहेर जाणार, हेही तेच ठरवत. एका विमा एजंटाला त्यांनी बोळातून असं काही घालवलं, की त्याला पुन्हा आमचं दुकान सापडलंच नाही.

दुकान अर्धं माझं, अर्धं त्यांचं. माझ्या अर्ध्यात टायपिंगचा क्लास. सन दोन हजारच्या आसपास माझ्या मशिनींवर धूळ बसायला लागली, त्याच सुमारास या गृहस्थांनी पलीकडे एक कॉम्प्युटर मांडला आणि त्याला ‘मेल सर्व्हर’ म्हणायचं, असं मला बजावलं. पाच-सात गिऱ्हाइकांच्या ईमेल त्यातून बाहेर जायच्या. एक फाउंड्रीवाले, एक गूळवाले, परदेशात चपला धाडणारे बंडूशेठ, गडमुडशिंगीचा एक स्पेअरपार्टवाला. आणि राधानगरीच्या सुमनताई.

ताई मध विकायच्या. अमेरिकेतल्या मुलाने हौसेने आईच्या मधाच्या नावाने इंटरनेटवर पत्ता घेऊन दिला होता. दर गुरुवारी त्या एसटीने यायच्या आणि कल्लाण्णांच्या कॉम्प्युटरवर दोन बोटांनी मुलाला पत्र लिहायच्या. ती दोन बोटं बघून माझा जीव कासावीस व्हायचा, पण शिकवतो म्हटलं तर त्या हसून नको म्हणायच्या.

एका गुढीपाडव्याला बंडूशेठनी घोळ घातला. आवतण द्यायचं तर एकही घर वगळायचं नाही, ही आपल्याकडची रीत. शेठनी मिळतील तिथून हजारो पत्ते गोळा केले आणि झाडून सगळ्यांना शुभेच्छा धाडल्या. जगाला तो उपद्रव वाटला. आमच्या इंटरनेटच्या लाइनीवरून येणारं प्रत्येक पत्र परदेशातली मशिनं परत फिरवू लागली, मग ते कुणाचंही असो. त्यात फाउंड्रीची पत्रं होती, तसं ताईंचंही होतं.

आणि ताईंचं नेमकं नको तेव्हा अडकलं. मुलगा तिकडेच कायमचं राहायचं म्हणत होता. त्यावर आदल्या गुरुवारी ताईंनी रागाच्या भरात लिहिलं होतं, ‘मग येऊच नकोस.’ ते सुखरूप पोचलं. आठवडाभर रडून त्यांनी दुसरं लिहिलं, ‘चुकलं माझं, ये.’ ते परत आलं.

ही बातमी ताईंना हळू सांगावी, असं मी सुचवलं. कल्लाण्णांना हळू बोलता येत नसे. पुढच्या गुरुवारी ताई पायरी चढायच्या आतच अख्ख्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, “ताई, तुमचं पत्र पोचल्यालं न्हाय. पोराचं उत्तर न्हाय म्हणून त्येला बोल लावू नगासा.” ताई पायरीवरच बसल्या. मला त्या माणसाचा राग आला होता; पण ताईंच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी दिसलं.

मग कल्लाण्णांनी जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडलं. त्यांनी काढलेली युक्ती त्यांच्या स्वभावाला धरूनच होती. पत्र कुणाच्या पत्त्यावरून निघालंय ते बघायचं आणि त्याप्रमाणे वाट द्यायची. दुसऱ्या कंपनीची एक नवी लाइन घेतली आणि बंडूशेठना जुन्या लाइनीवर एकटं ठेवून बाकीच्यांना तिकडे वळवलं. मी आपला अडाणी प्रश्न विचारला, की वाट तर पत्र कुठे जायचंय त्यावर ठरते ना?

“मास्तर,” ते म्हणाले, “झिंगल्याला गडी आनि बाळंतीण, दोघंबी सांगलीलाच निघाल्यात म्हणून एका गाडीत घालतासा व्हय?”

फाउंड्रीची पत्रं सुटली. ताईंचं मात्र पुन्हा परत आलं. मुलाच्या ऑफिसातलं मशीन या नव्या लाइनीलाही दारात उभं करीना. दोन दिवस कल्लाण्णा त्या पुस्तकात डोकं घालून बसले. माझ्या चहालाही त्यांनी हात लावला नाही. आणि मग एका गुरुवारी पत्र गेलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी मुलाचं उत्तर वाट बघत होतं. तो दिवाळीला येणार होता. ताईंनी ते तीनदा वाचलं आणि मला, टायपिंग मास्तरला, चौथ्यांदा मोठ्याने वाचायला लावलं.

पत्र गेलं कसं, हे मला त्या दिवशी दिसलं. वरच्या मजल्यावर कल्लाण्णा एकटेच राहत. त्यांच्या खिडकीतून एक वायर खाली आमच्या दुकानात आली होती. ताईंच्या पत्त्यापुरती तिसरी वाट त्यांनी स्वतःच्या घरच्या टेलिफोनवरून काढली होती; ती चालू असेपर्यंत घरचा फोन बंद. ताईंनी उत्तराचं उत्तर लिहून धाडलं, तसे कल्लाण्णा लगबगीने जिना चढले. मीही मागोमाग गेलो. ते वायर काढून टेलिफोन पुन्हा जागेवर जोडत होते.

मी म्हटलं, एवढी घाई कसली? ताई अजून खालीच आहेत, आणखी एखादं लिहितील.

“पोरगं बेंगळूरला असतंय,” ते म्हणाले. त्यांना मुलगा आहे, हे इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच ऐकत होतो. “चार वर्सं झाली, फोन न्हाय. मी बी बोललोय त्येला वाईटवंगाळ.”

इतकी वर्षं मी या माणसाची नक्कल करून लोकांना हसवत आलो होतो, त्याची लाज वाटली.

“नेमका आताच केला त्यानं, आनि लागला न्हाय तर?” ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला, आवाज येतोय याची खात्री केली आणि जपून खाली ठेवला.