चिनी विद्यार्थी आणि आमची भांड्यांची मांडणी

इंग्रजी शब्द नुसता सांगायचा नाही, करून दाखवायचा, असं मी ठरवलं आणि तिथंच घात झाला.

डेहराडूनला शिकल्यामुळं माझ्याकडे ध्येयं भरपूर. (नोकरी नव्हती.) लातुरात बसून जगाला इंग्रजी शिकवायचं म्हणून परत आलो. आज पाच चिनी विद्यार्थ्यांसमोर ऑनलाइन चाचणी-तास होता. पास झालो तर नोकरी. नाहीतर बायकोच्या, विनीताच्या, मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' क्लासची पत्रकं वाटायची. तसं तिनं बजावलंच होतं.

शब्द होता 'एक्स्प्लिसिट'. म्हणजे उघड, स्पष्ट. समोरच्याला अंदाज बांधायला जागाच न ठेवणारं. वीस मिनिटं समजावलं. "समजलं?" पाचही माना डोलल्या. "नाही समजलं?" तरीही डोलल्या.

मी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात गेलो.

"बघा, मी भांड्यांची मांडणी हलवतो. नुसता आवाज. ट्रक गेला असेल, मांजर असेल. हे एक्स्प्लिसिट नाही. मग मी ओरडेन, 'बाहेर पळा!' ते एक्स्प्लिसिट."

आणि मांडणी गदागदा हलवली.

(त्र्याण्णवच्या भूकंपात अख्खं लातूर रस्त्यावर आलं, तेव्हा मी डेहराडूनच्या वसतिगृहात घोरत होतो.)

खालून घरमालक पाशामियाँ गरजले, "हलून राहिलं! निकलो, सब भार निकलो!" वरच्या मजल्यावरच्या नीटवाल्या पोरी पुस्तकांसकट जिना उतरल्या. विनीतानं गॅस बंद केला आणि माझ्याकडे न बघता बाहेर धावली.

"अगं थांब, दुसरा भाग राहिलाय!"

खिडकीतून पाहिलं तर सगळी गल्ली रस्त्यावर. पाशामियाँच्या एका पायात चप्पल, गळ्यात शिलाईची टेप.

"चाचा, मांडणी मीच हलवली!"

"तू? कायकू?"

"शब्द समजावून राहिलो होतो. स्पष्ट म्हणजे काय ते."

"अरे बाबा, लातुरात मांडणी वाजली की याच्यापेक्षा स्पष्ट काय असतं? शेंबडं पोरगंबी पळतंय!"

स्क्रीनवर पाचही विद्यार्थी टाळ्या वाजवत होते. मला भरून आलं.

संध्याकाळी निकाल आला : 'शब्द सर्वांना उत्तम समजला. मात्र इशारा होताच घर रिकामं झालं, एकटे शिक्षक आत राहिले. शब्दाचा अर्थ आधी त्यांना समजावून द्यावा.'

विनीतानं निकाल वाचला. पत्रकांचा गठ्ठा तेवढा आणून माझ्यापुढे ठेवला.

या वेळी मला लगेच समजलं.