गोदाक्काची रताळी आणि कोरडा कोळसा

एका जंगलात, मुलांनो, गोदाक्का नावाची सायाळ राहत होती. तिच्या वाट्याला आलेली जमीन म्हणजे नुसता मुरूम. पण पदरात तीन पिल्लं. उन्हाळाभर त्यांना पुरतील एवढी रताळी तिला काढायचीच होती.

म्हणून ती वणव्यात जळालेल्या बुंध्यांचा कोळसा आणी. तो कुटून महिनाभर शेणकाल्यात मुरत घाली आणि मग मातीत मिसळी. दोन वर्षांत मुरूम भुसभुशीत झाला. वेलांनी वाफा झाकून टाकला.

ते पाहायला पिसारे सर आले. सर म्हणजे मोर. जंगलातले मोठे मृदातज्ज्ञ. मातीत मात्र त्यांनी कधी चोच घातली नव्हती, कारण पिसारा मळतो.

"गोदाक्का, रहस्य काय?"

"रहस्य कसलं, सर? कोळसा घालायचा. पण आधी शेणकाल्यात मुरवायचा. कोरडा कोळसा हावरट असतो हो. मातीतला कस आधी स्वतःच पिऊन बसतो."

सरांनी 'कोळसा' एवढं लिहून घेतलं. पुढचं ऐकताना त्यांनी नाक दाबलं होतं.

पुढच्याच आठवड्यात शिबिर झालं. फलक लागला, हारतुरे झाले. शेणकाला वगळला, कारण पाहुणे येणार होते. सगळ्या जंगलानं वाफ्यात कोरडा कोळसा ओतला आणि महिन्याभरात सगळ्या जंगलाची पानं पिवळी पडली.

सर म्हणाले, "मात्रा कमी पडली. दुप्पट घाला."

शेजारचा ससा हळूच गोदाक्काकडे आला. "अक्का, तू नक्की काय घालतेस?"

"शेणकाला रे बाबा!"

सशाचा चेहरा पडला. "सांगायचं नसेल तर नको सांगू, अक्का. पण गरिबाची थट्टा करू नये," असं म्हणून तो गेला आणि त्यानं दुप्पट कोळसा घातला.

अखेर सेंद्रिय बाग समिती पाहणीला निघाली. अध्यक्ष होते गवेसाहेब, चांगले धिप्पाड रानगवे. गोदाक्काचा हिरवागार वाफा पाहून ते थबकले.

सर कुजबुजले, "सगळ्यांचं पिवळं आणि हिचंच हिरवं. साहेब, ही नक्कीच चोरून रासायनिक खत घालते."

गोदाक्कानं ते ऐकलं. तिनं धावत जाऊन शेणकाल्याचं मडकं आणलं. "हे बघा, साहेब! हेच घालते मी. पिल्लांची शपथ!"

समिती चार पावलं मागे सरली.

"शेण?" गवेसाहेब गरजले. "सेंद्रिय बागेत शेण? कुणाचं आहे हे?"

"आपलंच, साहेब."

मुलांनो, खरं बोलायलाही वेळकाळ असते. साहेब लालबुंद झाले. 'अस्वच्छ व अशास्त्रीय पद्धत' असा शेरा पडला आणि सगळे वेल तिथल्या तिथे उपटायचा हुकूम सुटला.

वेल उपटले तशी मुठीएवढी गुलाबी रताळी वर आली. तपासणी तर करायलाच हवी. समितीनं ती भाजली आणि संध्याकाळपर्यंत तपासली. सरांनी दोनदा तपासली. शेजारी पिल्लं टकामका बघत उभी होती. त्यांना कुणी एक तुकडाही दिला नाही.

निघताना अहवाल लिहिला गेला: 'चव उत्तम. पद्धत अमान्य.'

तात्पर्य: आपल्याजवळचं ज्ञान सर्वांना मोकळ्या मनानं द्यावं, मात्र आधी रताळी काढून घ्यावीत.