मागच्या रांगेतली शांतता

नाशिक जिल्ह्यात गुन्हेगार बिचकून का असतात, असं कुणी विचारलं की धम्मपाल साळवे नम्रपणे खाली बघत. कारण त्यांच्या मते ते कारण ते स्वतःच होते. नजर तीक्ष्ण, नाक त्याहून तीक्ष्ण, आणि शोधायला निघाले की स्वतःचा चष्मा सोडून त्यांना काहीही सापडे. एका पतसंस्थेत ते नोकरीही करत, पण ती बुद्धीला विश्रांती म्हणून.

अजिंठ्याच्या सहलीत त्यांना जागा मिळाली ती मात्र बुद्धीमुळे नव्हे. "पोरींना मोबाईल देणार नाही. तू रमवायचंस," असं त्यांच्या थोरल्या बहिणीने, संजनाने, बजावलं होतं. मेहुणे नवनाथ गाडी चालवत होते, शेजारी संजना. मधल्या रांगेत धम्मपाल एकटेच ऐसपैस, आणि अगदी मागे निकिता आणि अंजली या भाच्या.

नाशिक सुटताच धम्मपालांनी आपली गाजलेली केस काढली. सोसायटीतल्या उजव्या चपलांची चोरी. डाव्या जागच्या जागी, उजव्या गायब. पिंपळगावपर्यंत पोरींनी गाडी डोक्यावर घेतली होती. भूक लागली, हिचा पाय लागतो, अजून किती लांब. चांदवडला चहा झाला, सगळे पुन्हा गाडीत बसले, आणि मागची रांग एकदम गप्प झाली.

"तर मग चोर कोण?" धम्मपालांनी विचारलं.

वळून पाहिलं तर दोघी ओठ घट्ट मिटून त्यांच्याकडे टक लावून बसलेल्या.

संजना वळली. "धम्मा, काय केलंस तू पोरींना?"

"तपास सुरू आहे, ताई."

"घाबरवलं असशील. मनमाड यायच्या आत बोलल्या नाहीत ना, तर तुला स्टेशनवर उतरवीन. जा रेल्वेने परत."

धम्मपालांनी डोक्यावरची टोपी चाचपली. अजिंठ्यासाठी त्यांनी नवी टोपी घेतली होती. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या केसेस शेवटपर्यंत ऐकणारी माणसं जगात दोनच, आणि तीच नेमकी मुकी झाली होती.

पहिला संशय गाडीतल्या मोगऱ्याच्या अत्तरावर. वासाने जीभ बधिर होत असणार. त्यांनी बाटली नाकाला लावली आणि चष्मा पडेपर्यंत शिंकले, पण शिंकांच्या मधे बोलता येत होतं. दुसरा संशय डोंगराळ हवेवर. कानाला दडे बसले की माणूस बोलायचं विसरतं. त्यांनी जोरात टाळी वाजवली. पोरी दचकल्या, नवनाथांनी ब्रेक मारला.

"ऐकू येतंय, पण फक्त टाळी," धम्मपालांनी निष्कर्ष काढला.

मग त्यांचे डोळे चमकले. "ताई, आपली आई इगतपुरीला मौनाच्या शिबिराला गेली होती. हे आनुवंशिक आहे."

"आई गेल्या वर्षी गेली होती. पोरी आधी जन्मल्या."

"म्हणूनच परिणाम उशिरा दिसतोय."

"इगतपुरी उलट्या बाजूला राहिली, साहेब," नवनाथ मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले.

मनमाडच्या अलीकडे रस्त्याकडेला एक म्हातारी पेरू विकत बसली होती. गाडी थांबली. धम्मपाल खाली उतरले आणि साक्ष घेऊ लागले.

"नाव?"

"भागीबाई. किलो देऊ का अर्धा?"

"या मुली बोलत नाहीत. या भागात असा प्रकार पूर्वी घडलाय?"

भागीबाईने खिडकीतून पोरींकडे पाहिलं. "आमच्या घरी रोज घडतो. शर्यत लागली असंल."

"गैरलागू," धम्मपाल म्हणाले.

भागीबाईने पेरू चिरला आणि फोडी पोरींपुढे धरल्या. "तिखटमीठ लावू का गं?"

"मला जास्त लावा," अंजली म्हणाली आणि तिने चटकन तोंडावर हात ठेवला.

"हरली, हरली," निकिता ओरडली. "आता अजिंठ्यापर्यंत हीच मामाशेजारी बसणार ना, बाबा?"

सगळ्यांनी नवनाथांकडे पाहिलं. ते टायर तपासायला खाली वाकले. चहाच्या टपरीवर त्यांनीच पोरींना गुपचूप अट घातली होती. जी आधी बोलेल, तिने पुढे येऊन मामाशेजारी बसायचं आणि सगळी केस ऐकायची.

"मला पहिल्यापासून संशय होताच," धम्मपाल म्हणाले. आवाज मात्र बारीक निघाला. शिक्षा म्हणून आपलीच निवड व्हावी, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

गाडी निघाली. अंजली पेरू खात शेजारी बसली. धम्मपाल खिडकीबाहेर बघत राहिले. मनमाडची पहिली घरं दिसू लागली.

"आता उतरायला नको रे," संजना म्हणाली. धम्मपालांनी टोपी कानांपर्यंत ओढली.

"मामाला गाडी लागली का?" निकिताने मागून विचारलं.

"दातात बी अडकली असेल," अंजली म्हणाली.

"नाही. टोपी घट्ट झालीय. डोक्यातलं खाली तोंडात उतरत नाहीये," निकिता म्हणाली.

दोघींनी त्यांची टोपी काढून पाहिली, आत काही नव्हतं. मग निकिता सीटवरून चढून पुढे आली आणि त्यांच्या दुसऱ्या बाजूला घुसली.

"मामा, आम्ही दोघी बोललो, तू नाही. म्हणजे तूच जिंकलास. आता सांग ना, चपला कोणी नेल्या?"

धम्मपालांनी घसा साफ केला. "शेजारच्या कुत्र्याने. पण माझा संशय आधी चेअरमनवर होता, आणि त्याला कारणं होती."

"सगळी कारणं सांग," अंजली म्हणाली.

स्टेशन कधी मागे पडलं ते कळलंही नाही. नवनाथांनी रेडिओ लावला, आणि संजनाने हात पुढे करून तो बंद केला.