सहा ते आठ मौन

"उद्यापास्नं मी मौन धरतोय," सन्मती जेवता जेवता म्हणाला. "रोज संध्याकाळी सहा ते आठ. चातुर्मास संपस्तोवर."

आईच्या हातातली भाकरी तव्यावर पडायची ती हवेतच थांबली. आप्पांनी मान वर केली. मान वर करणं हे आप्पांच्या हिशेबानं भाषणच होतं. भुजबलीआप्पांनी निपाणीतल्या आपल्या पाइपांच्या दुकानात सगळी उमर काढली होती ती 'व्हय', 'न्हाय' आणि 'बघतो' एवढ्या भांडवलावर. बाकीचं बोलायला आधी त्यांचे वडील होते आणि आता सन्मती होता.

"कुणी सांगितलं रं बाळा तुला?" आईनं विचारलं. तिचे डोळे भरून आले होते.

"कुणी न्हाय. आतनंच वाटलं."

हे खरं होतं. फक्त आतून जे वाटलं होतं ते वेगळं होतं. सन्मतीला यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग कॉम्प्युटरवर काढायला शिकायचं होतं. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर तो 'तात्पुरता' म्हणून गल्ल्यावर बसला, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. दुकानाचं नावच 'सन्मती पाइप्स' होतं. स्वतःच्याच नावाच्या पाटीखालून राजीनामा देऊन बाहेर कसं पडायचं, याची पद्धत कुठल्याही पुस्तकात दिलेली नव्हती.

त्यानं आधी सरळ मार्गानं वेळ मागून पाहिला होता. "आप्पा, मला रोज दोन तास पायजेत. शिकायला." आप्पा म्हणाले, "बघतो." आणि त्याच दिवशी त्याला गोदामातले एल्बो, म्हणजे पाइपांचे वळणाचे तुकडे, आकारानुसार लावायला बसवलं. या घरात शिकण्यासाठी सुट्टी मिळत नव्हती, आजारपणासाठी मिळत होती पण काढ्यासकट. धर्मासाठी मात्र न मागता मिळत होती. तेव्हा सन्मतीनं मौन धरलं. दुकानावरच्या माडीत चौरंगावर लॅपटॉप ठेवायचा, कानात इअरफोन घालायचे आणि कोर्स करायचा. आईला वाटायचं, तो प्रवचन ऐकतोय.

पहिला हादरा दुकानाला बसला. सहा वाजता चिकोडीकडचा आण्णाप्पा नावाचा जुना गिऱ्हाईक आला.

"सन्मती कुठाय?"

"मौन," आप्पा म्हणाले.

"मराठीत हाय का कन्नडात बी?"

"दोन्हीत."

"मग हिंदीत इचारतो की." आण्णाप्पा जिन्याशी गेला आणि ओरडला, "भैया, तीन इंची एल्बो है क्या?"

माडीवरून काहीच उत्तर आलं नाही. आण्णाप्पा आप्पांकडे बघत राहिला. आप्पा आण्णाप्पाकडे बघत राहिले. मग नाइलाजानं आप्पांनी तोंड उघडलं, आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदा त्यातून एक अख्खं वाक्य बाहेर पडलं. "हाय, पर तुमच्या हिरीला तीन इंची घालू नका." आण्णाप्पा मटकन पोत्यावर बसला.

दुसरा हादरा जास्त गंभीर होता. आई जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, दर्शनाला गेली तेव्हा चार बायकांनी तिचं कौतुक केलं, आणि कौतुकाच्या भरात ती सगळ्यांसमोर बोलून गेली, "माझ्या लेकाचं मौन मधीच मोडलं तर त्याच्याबदली मी तीन दिवस निर्जळी उपास करीन." आईला शुगर होती. डॉक्टरांनी तिला एक वेळचं जेवणसुद्धा चुकवू नका म्हणून बजावलं होतं. आणि आई बस्तीत बोललेला शब्द कधीच मागं घेत नसे.

त्या दिवसापासून सन्मती सहा ते आठ शिंकतानासुद्धा विचार करू लागला.

त्यात मच्छे गावातल्या एका यंत्रांच्या कारखान्यातून मेल आली. त्यानं अर्ज केला होता. डिझाइन विभागाचे प्रमुख चिंतामणी सर व्हिडिओवर मुलाखत घेणार होते. वेळ : संध्याकाळी सात. सन्मतीनं अत्यंत नम्रपणे वेळ बदलून मागितली. उत्तर आलं : "सातच. सहापर्यंत मी कारखान्यात असतो आणि आठला जेवून झोपतो."

नाही म्हणावं तर सगळा कोर्स पाण्यात. बोलावं तर आई तीन दिवस पाण्याविना. सन्मतीनं ठरवलं, दार लावून अगदी हळू, ओठातल्या ओठात बोलायचं. या बेतात एकच अडचण होती. माडीला दार नव्हतं.

मुलाखतीच्या दिवशी दुसरी अडचण चिकोडीहून बसनं आली. ती म्हणजे त्रिशलाआत्या, आप्पांची धाकटी बहीण. सोबत तिच्या गल्लीतल्या चार बायका होत्या. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकून पाचही जणी माडीत आल्या आणि सन्मतीसमोर मांडी घालून बसल्या.

"मौनातल्या माणसाम्होरं बसलं की मनाला लई थंड वाटतंय," आत्यानं बायकांना सांगितलं. "बघा की, कसा तेज आलाय तोंडावर."

तो घाम होता.

सात वाजले. लॅपटॉपची पाठ बायकांकडे होती. सन्मतीनं इअरफोन घातले, माईक बंद केला आणि बटण दाबलं. पडद्यावर चिंतामणी सर प्रकटले. अनगोळमधलं त्यांचं घर, मागं देवघर, त्यात तेवणारी समई. कारखान्यातून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय सर कुणाशी बोलत नसत आणि अंघोळीनंतर शर्ट घालत नसत. खांद्यावर पांढरं उपरणं होतं, कपाळावर गंध होतं.

"नमस्कार. आवाज येतोय?"

सन्मतीनं मान हलवली.

"मग बोला ना."

सन्मतीनं भराभर टाइप केलं : सर, माझं मौनव्रत आहे, आठपर्यंत बोलता येत नाही.

"काहीतरी आलं वाटतं खाली. चष्मा खालच्या मजल्यावर राहिलाय माझा, बारीक अक्षर दिसत नाही. तोंडानं बोला."

सन्मतीनं बोट ओठांवर ठेवलं. मग हात जोडले. मग बोट वर करून छताकडे दाखवलं. यातून सरांनी नेमका काय अर्थ घेतला ते कळायला मार्ग नाही, पण ते म्हणाले, "माईक बिघडलाय होय? असू दे. चित्रं दिसतात मला. मी विचारतो, तुम्ही काढून दाखवा. नाहीतरी ड्रॉइंगचंच काम आहे."

सन्मतीला पहिल्यांदा श्वास घेता आला. सरांनी व्हॉल्व्ह विचारला, त्यानं काढला. फ्लँज विचारली, काढली. सर मधेमधे आपल्या खात्यातल्या लोकांना नावं ठेवत होते. "हे बरंय. आमची पोरं एक रेघ मारतात आणि तासभर त्या रेघेवर बोलतात." सन्मती घाम पुसत मान डोलवत होता. समोर आत्या बायकांना हळूच सांगत होती, "बघा गं, कसा तल्लीन झालाय."

तल्लीन झालेल्या माणसाला काय दिसतं ते पाहायला आत्या उठली आणि चौरंगाला वळसा घालून मागं आली.

पडद्यावर उपरणं, गंध, समई. आत्यानं पदर डोक्यावर घेतला. "पंडितजी हाईत गं! या, या, दर्शन घ्या!"

चौघीजणी धडपडत आल्या. आवाज ऐकून आईही वर आली. सहा बायकांनी लॅपटॉपला हात जोडले. चिंतामणी सर खुर्चीत मागं सरकले. उमेदवाराच्या पाठीमागं एकदम सहा बायका नमस्कार करताना त्यांनी यापूर्वी पाहिल्या नव्हत्या. चष्मा नसल्यामुळं त्यांना त्या बऱ्याच जास्त वाटल्या. त्यांनी संस्काराप्रमाणं हात वर केला. बायकांना तो आशीर्वाद वाटला.

"एकट्यानंच काय ऐकतोस रं?" आत्या म्हणाली, "आमच्याबी कानावर पडू दे की चार शब्द," आणि तिनं इअरफोनची वायर उपटली.

 सन्मतीचा हात वायरीकडे गेला, पण ती आत्याच्या मुठीत होती. आता सर 'पगार' म्हणाले तरी खेळ खलास, 'मच्छे' म्हणाले तरी खलास.

लॅपटॉपमधून सरांचा खणखणीत आवाज आला. "शेवटचा प्रश्न. मनापासून उत्तर द्या. वडिलांचं दुकान, चालता धंदा, सगळं सोडून तुम्हाला का यायचंय?"

आत्यानं छातीवर हात ठेवला. आईच्या हातातलं तांब्याभांडं खाली पडलं.

"वैराग्याचं इचारत्यात," आत्या पुटपुटली. "वयनी, पोरगं दीक्षा घ्यायला निघालंय!"

सन्मती जोरजोरानं मान हलवू लागला. ती मान 'नाही' म्हणत होती, पण 'नाही' आईसाठी होतं आणि समोर बघत होते सर. सर म्हणाले, "नाही? यायचं नाही?" सन्मती घाईघाईनं 'हो' म्हणून मान हलवू लागला. ते आईनं पाहिलं आणि ती मटकन खाली बसली.

आता बोलण्यावाचून इलाज नव्हता आणि बोलायला मुभा नव्हती. सन्मतीनं माउस धरला. त्यानं एक लांब, सरळ पाईप काढली. आतून स्वच्छ, कुठंही गळती नसलेली. मग तिच्या तोंडावर एक बूच बसवलं. घट्ट, आट्याचं. ते चित्र त्यानं थोडा वेळ तसंच ठेवलं. मग बूच पुसून टाकलं, पाण्याला वाट मोकळी झाली.

सर पडद्याजवळ सरकले. 

"कळलं," ते म्हणाले आणि पडदा काळा झाला.

"कळलं," आत्या म्हणाली आणि धाडधाड जिना उतरून दुकानात गेली.

वर माडीत आई रडत होती. "बोल की रं सन्मती. मोड ते मौन. मी करीन उपास, मला काय बी होत न्हाय. पर खरं सांग, जाणार हाईस का तू?"

सन्मतीनं तोंड उघडलं. त्याला आईच्या गोळ्यांचा डबा दिसला, भिंतीतल्या देवळीत ठेवलेला. त्यानं तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. चिकोडीच्या चार बायका त्याच्या ओठांकडे बघत होत्या. तेवढ्यात खालून आवाज आला आणि सगळेच दचकले.

दुकानाचं शटर पडलं होतं.

ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी ते शटर आजोबा वारले त्या दिवशी पडलं होतं, त्यानंतर आजच. आप्पांची पावलं जिन्यावर वाजली. एक पायरी, मग थांबणं, मग पुढची. आप्पा वर आले. त्यांच्या मागं आत्या होती आणि ती गप्प होती, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

आप्पा सन्मतीसमोर बसले.

"ही त्रिशला खाली आली," आप्पा म्हणाले, "म्हणाली, पोरगं दीक्षा घेतंय. माझ्या हातातनं मापाची टेप पडली. तवर फोन आला. दुकानाच्या फोनवर. तू अर्जात दुकानाचाच नंबर दिलातास."

सन्मतीनं डोळे मिटले.

"मच्छेचा कोण चिंतामणी म्हणून माणूस. त्यानं इचारलं, पोरगं मुकं हाय काय? मी म्हटलं, मुकं कुठलं, सहा ते आठ मौन असतंय, त्याबिगर तर कान किटत्यात. मग त्यो म्हणाला, आमी नोकरी देतोय. मी म्हटलं, अरिहंता, दीक्षेपरास मच्छे लई जवळ हाय."

आईनं रडणं थांबवलं. कुणी आप्पांना इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. आत्या तर भावाकडे अशी बघत होती, जणू दुसऱ्याच घरात आलीय.

"त्यानं पगार सांगितला," आप्पा पुढं म्हणाले. "मी सवयीनं थोडा कमी केला."

सन्मतीनं डोळे उघडले.

"पैलं गिऱ्हाईक हाय, रिकाम्या हातानं कसं लावून द्यायचं? त्याच्या बदल्यात कारखान्याची सगळी पाईप आपल्याकडनं घ्यायची कबूल करून घेतलीया." आप्पा थांबले. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मग जरा हळू म्हणाले, "त्यो म्हणाला, पोरगं पसंत न्हाय पडलं तर? आपल्या दुकानात पाटी हाय, विकलेला माल परत घेत न्हाय म्हणून. पर मी म्हटलं, तवाच्या तवा पाठवून द्या. आमी घेतो परत."

आईनं पदर डोळ्यांना लावला. सन्मतीनं नाक ओढलं, तेही आवाज न करता.

"पर एक अट मी घातलीया," आप्पा म्हणाले. "चारला त्याला सोडायचं. सहाला त्याचं मौन असतंय, जादा काम चालायचं न्हाय."

सन्मतीचा चेहरा उजळला. नोकरीही आणि रोजचे दोन तासही! पुढचा कोर्स त्याच्या मनात सुरूसुद्धा झाला.

"ते दोन तास तू दुकानात बसायचं," आप्पा म्हणाले.

"तो गप असतोय, गिऱ्हाइकाला काय सांगणार?" आईनं विचारलं. "आन तुमी कुठं असणार?"

आप्पा पहिल्यांदाच जरा लाजले. "मी बेकरीच्या वर त्यो व्यक्तिमत्त्व विकास आन भाषणकलेचा क्लास हाय बघ, त्यात नाव घातलंय. सहा ते आठ. आण्णाप्पा म्हणाला, तुमचं बोलणं लई चांगलं हाय, ते असं वाया घालवू नका."

"चातुर्मास संपल्यावर?" आईनं विचारलं.

"क्लास वर्षाचा हाय."

भिंतीवरच्या घड्याळात आठचे ठोके पडले. बायका सावरून बसल्या. आईनं डोळे पुसले. सन्मतीला आप्पांना पगाराबद्दल विचारायचं होतं, वेळेबद्दल विचारायचं होतं, आणि 'आमी घेतो परत' या शब्दांबद्दल त्यांचे आभार मानायचे होते, जे इतकी वर्षं त्याच्या तोंडून कधी निघाले नव्हते. त्यानं घसा साफ केला आणि तोंड उघडलं.

"थांब रं," आप्पा म्हणाले. "माजं अजून व्हायचंय."