शेवटच्या पानावरचे गुलाबराव

पंगत कोणाचीही असो, गुलाबराव शेवटच्या पानावरच बसत. मध्ये जागा मोकळी असली तरी नाही. वाढपी "भाजी, भाजी" करत त्यांच्यापर्यंत आला, की खणखणीत ओरडत, "आली!" पान मात्र अर्धंच भरू देत.

"काहून जी, तब्येत बरी नाही?"

"घरी अजून एक जेवण आहे ना," म्हणत ते हात आडवा धरत.

पांढुर्ण्यात आणि सौंसरात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे तेव्हा ते एकटेच. माझ्या छापखान्यात कॉम्प्युटर, डिस्क आणि स्कॅनर एकाच लांब केबलला ओळीने जोडलेले. ऐन लग्नसराईत तो कॉम्प्युटर पत्रिका अर्धवट सोडून गप्प बसायचा. गुलाबरावांनी केबलचं टोक पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"टोकाले साधं बूच लावलं तुमी! संदेश तिथं आपटून वापस येऊन राहिला, नव्यात मिसळून राहिला. मशीन बिचारी कोणाचं ऐकन?"

"मग?"

"हे लावा. ॲक्टिव आहे. सोताची वीज लावून संदेश अंगावर घेते. तवा तो शांत होते."

बोटभर वस्तू, पण पत्रिका सुटली. तेवढ्यात नागपूरहून येणाऱ्या गाडीची शिट्टी झाली आणि गुलाबराव पेचकस टाकून पळाले. हे रोजचंच. बायकोचा धाक, असं आम्ही चिडवायचो; त्यांचं लग्नच झालेलं नव्हतं.

चष्मा विसरले म्हणून मी मागोमाग त्यांच्या घरी गेलो, तर ते उंबऱ्याशीच भेटले. आत त्यांची म्हातारी आई हाका मारत होती, "बबन आला का? बबन आला का?" तिला आता दिसत नसे. बबन म्हणजे गुलाबरावांचा थोरला भाऊ. नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती तेव्हा तिथल्या कचेरीत कारकून, सुट्टीला याच गाडीने यायचा. राजधानी भोपाळला गेली, कचेरीबरोबर तोही गेला आणि तिथेच वारला. आई ते विसरली होती, गाडी विसरली नव्हती.

"नुसतं 'येईल' म्हटलं तं इचारतच राहते," गुलाबराव माझ्या कानाशी म्हणाले. मग त्यांनी दारात चपला वाजवल्या. "आलो, माय!"

"उशीर केला रे, बबन. जेव पहिले."

म्हातारी एकदम शांत झाली. गुलाबराव पाटावर बसून जेवू लागले.

"अन् गुलाब जेवला का?" तिने विचारलं.

"तो मघाच जेवला, माय," गुलाबराव म्हणाले आणि त्यांनी दुसरी भाकर घेतली.